एक्सलचं सील आणि चाचांचा रोजा
चाकणच्या गॅरेजातले चाचा नसते, तर आई मला शेवटची भेटली नसती. गिअर ऑइलचा वास आला की रमजानमधली ती संध्याकाळ आठवते. लातूरहून फोन आला होता, “आई विचारतीय, लवकर ये,” आणि माझ्या गाडीच्या मागच्या चाकातून तेल गळत होतं. चाचांनी बोटावर घेऊन हुंगलं. “एक्सलचं सील गेलंय. ब्रेकवर तेल उतरलंय, अशी नेलीस तर थांबणार नाही.” चाक खोलून त्यांनी एक्सल ओढला. नवं सील बसवताना अजान झाली. “चाचा, आधी रोजा सोडा.” घोटभर पाणी पिऊन ते परत वाकले. “गप रे. माझी अम्मी गेली, तेव्हा मी इथंच होतो.” मध्यरात्रीनंतर लातूरला पोचलो. आईनं मला ओळखलं, हात धरला आणि सकाळी गेली. चाचांनी गावाकडची अम्मीची कबर अजून पाहिलेली नाही. एक दिवस मीच त्यांना तिथं नेईन.