लवू शिगवणचं मानेचं दुखणं

लवू शिगवणने आयुष्यात एकच काम मन लावून केलं, ते म्हणजे दुखण्याचं सोंग. तेही त्याला स्वतःला सुचलेलं नव्हतं, वहिनीचं खरं दुखणं बघून उचललेलं होतं. त्याची बायको कमल हे चाळीत कुणालाही सांगायला तयार होती, पण तिला विचारतो कोण? लवूच आधी एकेकाला गॅलरीत गाठून आपली कर्मकहाणी ऐकवायचा.

अपघात मात्र खराच झाला होता. लवू आणि त्याची विधवा वहिनी राधा, दोघं चिंचपोकळीहून माहीमला नात्यातल्या साखरपुड्याला निघाली होती. बसने सहज जाता आलं असतं, पण भाडं वहिनी देणार म्हटल्यावर लवूला टॅक्सीच बरी वाटली. परळच्या सिग्नलला टॅक्सी उभी असताना मागून एक मोठी गाडी दाणकन येऊन आदळली. गाडीवाला फोनवर बोलण्यात गुंग होता. राधा नेमकी तेव्हा पायाशी ठेवलेली आहेराची पिशवी उचलायला वाकली होती. तिची मान अशी हिसकली, की त्या दिवसापासून तिचा उजवा हात खांद्याच्या वर जाईना आणि बोटं बधिर झाली. ब्लाउज शिवून पोट भरणारी बाई. तिच्या मशीनवर घातलेलं कापड तसंच राहिलं. सरकारी हॉस्पिटलच्या डॉक्टरने ऑपरेशन सांगितलं, आणि ते झालं तरी पुढे कितीतरी महिने हात वापरायचा नाही म्हणाला. तेवढे महिने खायचं काय, हा प्रश्न होता. नुकसानभरपाई मिळाली तरच हे सगळं जमणार होतं.

आणि लवूला काय झालं? त्याचा चष्मा पडला. तोही फुटला नाही.

पण हॉस्पिटलबाहेरच्या चहाच्या टपरीवर त्याला हितेंद्र भेटला. हितेंद्र वकील नव्हता, वकिलाला केसेस आणून देणारा होता. दिवसभर तिथे उभं राहून प्लास्टर घातलेल्यांची विचारपूस करायचा. तो म्हणाला, "दोन माणसं गाडीत होती ना? मग एकच केस कशाला? दोन टाकू. सरकारी डॉक्टर हात आखडता घेऊन लिहितात. आपले डॉक्टर आहेत, भरभरून लिहितात."

लवूला हे एकदम पटलं. दोघांची सर्टिफिकेटं एकाच डॉक्टरकडून आली, नावं सोडली तर शब्दन् शब्द तोच. कमल वहिनीला म्हणाली, "तुम्ही तुमचा वकील वेगळा करा. ह्यांच्या नादी लागू नका." पण राधा पडली जुन्या वळणाची. "भावोजी एवढी धावपळ करतायत गो. त्यांका कशाक दुखवू?" भावोजी काय आहेत हे कमलइतकं कुणाला ठाऊक होतं? पण दिराविषयी वाईट ऐकायची राधाची तयारीच नव्हती.

मग लवूचा अभ्यास सुरू झाला. वहिनी मान न वळवता सगळं अंग कशी वळवते, कप डाव्या हाताने कसा धरते, उठताना कुठे थांबते, हे तो बारकाईने बघायचा आणि आरशासमोर तसंच करायचा. गळ्यात पट्टा घातल्याशिवाय दाराबाहेर पडायचा नाही. घरात मात्र पट्टा खुंटीला. शेजारची माया भजी घेऊन आली की मान कशी गर्रकन दाराकडे वळायची! "अवो, भज्यांच्या वासाने बरी सुटते तुमची मान," कमल म्हणायची. तो निर्लज्जासारखा हसायचा.

असंच चालू राहिलं असतं, पण शिमगा आला.

लांज्याकडच्या त्यांच्या गावी ग्रामदेवतेची पालखी बाहेर पडते तेव्हा पहिला खांदा शिगवणांच्या थोरल्या घराचा. भाऊ गेल्यापासून तो लवूकडे आला होता. तो हजर नसला तर चुलतभाऊ सीताराम टपूनच बसलेला. आणि एकदा खांदा दुसऱ्याकडे गेला की परत मागायला तोंड राहत नाही. मुंबईत लवू काचेच्या एका इमारतीत लिफ्टपाशी उभा असायचा. साहेब लोक त्याला ओलांडून आत जायचे, नावाने कुणी हाक मारायचं नाही. गावात वर्षातून एकदा मात्र सगळे त्याच्याकडे बघायचे.

"जाऊ नका," कमलने बजावलं. "वहिनींच्या पोटावर पाय येईल."

"गावात कोण वकील येतोय?" लवू म्हणाला. "आणि देवाचं काम आहे ते!"

तो गेला. नुसता खांदा लावून गप्प बसला असता तर तो लवू कसला! ढोल घुमायला लागल्यावर त्याने पालखी जी नाचवली, ती सहाणेच्या चौथऱ्यावर टेकेपर्यंत थांबलाच नाही. कधी या खांद्यावर, कधी त्या खांद्यावर, मध्येच डोक्यावर. मंडळाची पोरं व्हिडिओ काढत होती. लवूने घाम पुसत त्यांना सांगितलं, "खाली नाव टाका रे. श्री. लवू शिगवण, मुंबई. पूर्ण टाका." पोरांनी तारखेसकट नेटवर टाकलं.

दाव्याच्या सुनावणीत विमा कंपनीच्या तरुण वकीलबाईंनी तोच व्हिडिओ लावला. ढोलांचा आवाज त्या खोलीत घुमला आणि मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. गळ्यात पट्टा घातलेला लवू पडद्यावरच्या लवूकडे बघत होता. कमलने नीट पाहिलं, त्याच्या चेहऱ्यावर लाज नव्हती, कौतुक होतं. काही म्हणायचंय का, असं न्यायाधीशांनी विचारल्यावर तो म्हणाला, "देवाची पालखी आहे साहेब. तिचं वजन लागत नाही."

मग राधाला उभं केलं.

"तुमचं सर्टिफिकेटही याच डॉक्टरांचं," वकीलबाई म्हणाल्या. "शब्दही तेच. हात खांद्याच्या वर जात नाही म्हणे. तुम्हीही पालखी नाचवता का?"

मागे पुन्हा हसू फुटलं. राधाचा चेहरा लालबुंद झाला. आयुष्यात तिला कुणी खोटं म्हटलं नव्हतं.

"मी खोटारडी नाय," ती म्हणाली, आणि तिने उजवा हात उचलला. खांद्यापर्यंत आला, तिथे अडला, तरी तिने ओठ दातांखाली धरून तो वर नेला, डोक्याच्याही वर, आणि तसाच धरून ठेवला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. कमल ताडकन उठून ओरडली, "वहिनी, नको!" पण तिला खाली बसवण्यात आलं.

"अर्जदाराने हात पूर्ण वर केला, याची नोंद व्हावी," वकीलबाई शांतपणे म्हणाल्या.

बाहेर आल्यावर राधाचा पदर खांद्यावरून घसरला आणि तिला तो उचलता येईना. कमलने तो सावरून कमरेला खोचून दिला. तिला इतकी किळस आली होती, की नवऱ्याकडे मान वर करून बघवेना. तो जिन्यापाशी हितेंद्रला सांगत होता, "वयनीनं सगळ्याची वाट लावली बघ. एवढं शिकवलं होतं तिला."