उन्हातले हातमोजे

आयटीवाल्यांच्या काचेच्या इमारती उभ्या राहू लागल्या तेव्हा माझ्या वायरमन वडिलांना श्वास घ्यायलाही फुरसत नव्हती. आम्ही वारज्याला राहत होतो. रविवारी ते घरी असत आणि त्यांचे रबरी हातमोजे गच्चीवर. आई ते साबणाने धुऊन भर उन्हात दोरीवर टाकायची. घामाचा वास तिला घरात चालत नसे.

मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते. एकदा प्रॅक्टिकलला चिनी मातीचा इन्सुलेटर आणि नैसर्गिक रबराची पट्टी समोर आली. वीज दोन्हींतूनही जात नाही. इन्सुलेटर तसूभरही ताणला जाईना, शेवटी खाडकन फुटला. पट्टी पाचपट ताणली आणि सोडताच होती तशी झाली. मला रबराचं फार कौतुक वाटलं. मग सरांनी खिडकीत कित्येक महिने पडलेली दुसरी पट्टी दिली. जरा ओढताच तिच्यावर बारीक चिरा उमटल्या आणि ती तुटली.

"चिनी मातीला उन्हाचं सोयरसुतक नाही," सर म्हणाले. "रबर मात्र उन्हात बिनबोभाट मरतं."

मला गच्चीवरची दोरी आठवली.

घरी येऊन म्हटलं, "बाबा, तुमचे ते हातमोजे..." पण वाक्य पुरं होऊ देतील तर ना! "चार बुकं शिकलात, आता आम्हाला शिकवा. आधी साधी फ्यूजची तार बदलून दाखवा, मॅडम." मला भयंकर राग आला. म्हटलं, जाऊ दे, मरू दे. पुढचे तीन रविवार ते हातमोजे दोरीवर हलत होते. वाऱ्याने त्यांची बोटं फुगायची. मी बघत राहिले आणि तोंड उघडलं नाही.

चौथ्या आठवड्यात त्यांना कामावर शॉक बसला. हातमोज्याच्या बोटांमधल्या बेचक्यात केसाएवढी चीर होती. जीव वाचला, उजव्या हाताची दोन बोटं गेली.

बरे झाल्यावर ते नवे हातमोजे घेऊन कामाला लागले. रविवारी आईने ते जास्तच निगुतीने धुतले. ती दोरीला चिमटा लावणार तोच मी ते तिच्या हातातून ओढून घेतले.

"उन्हात नको गं. उन्हानेच रबराला चिरा पडतात."

आईने हातातला चिमटा खाली ठेवला. "म्हणजे, मीच?" तिने त्या ओल्या हातमोज्यांकडे पाहिलं. मग तिने मान वर केली.

"हे तुला कधी कळलं?"