पंधरा सेकंद

आमच्या घरात माझ्याआधी कोणी मॅट्रिकलाही बसले नव्हते. त्यामुळे बी. ए. होऊन रस्त्यांच्या ऑफिसात मोजणीदाराची हंगामी जागा मिळाली, तेव्हा ती मी प्रसादासारखी दोन्ही हातांनी घेतली. एकोणीसशे साठनंतरची ती वर्षे. गोव्याकडे जाणारे ट्रक वाढले होते आणि तळेऱ्याच्या तिठ्यावर बाजाराच्या दिवशी गाड्यांची रांग लागायची. सिग्नलचे दिवे आमच्याकडे कोणी पाहिलेले नव्हते. एक हवालदार शिट्टी वाजवून कधी गाड्या थांबवी, कधी माणसे. कोणाला किती वेळ थांबवायचे, ते ठरवण्यासाठी साहेबांनी मला एक स्टॉपवॉच दिले.

मी स्वतः पाच वेळा रस्ता ओलांडला. दर वेळी दहा सेकंद लागले. म्हाताऱ्या माणसांसाठी पाच वाढवले आणि लिहून दिले : माणसे रस्त्याकडेला जमू द्यावीत, मग गाड्या रोखून त्यांना पंधरा सेकंद द्यावेत. साहेब म्हणाले, छान.

पुढच्या बाजाराला हवालदाराने तसेच केले. फाट्यांचे, म्हणजे जळाऊ लाकडांचे, भारे आणि सुक्या मासळीच्या टोपल्या घेतलेल्या दहा-बारा बायका कडेला अडवल्या. डोक्यावर ओझे घेऊन उभे राहता येत नाही. त्यांनी ते खाली ठेवले. शिट्टी झाली. आता एकीने दुसरीला, दुसरीने तिसरीला ओझे उचलून द्यायचे. दोघीतिघी निघतात तोच वेळ संपला. गाड्या सुटल्या, बायका रस्त्याच्या मध्यावर अडकल्या, ट्रक पुन्हा थांबले. रांग पुलापर्यंत गेली.

"साहेब, तुमचे पंधरा सेकंद उचलाउचलीतच गेले," हवालदार घाम पुसत मला म्हणाला.

सगळ्यांत मागे एक म्हातारी एकटीच राहिली होती. मी घड्याळाकडे बघत होतो.

"झिला," ती म्हणाली, "आता ह्यां वझां माझ्या डोक्यार कोण चढयतलो? तुझा घड्याळ?"

घड्याळ खिशात टाकून मी तिचा भारा उचलून दिला. हातांना ते काम ठाऊक होते. माझ्या फीसाठी आई फाटी विकायची. रानातून निघालेला भारा ती बाजारापर्यंत खाली ठेवत नसे. दमली तर छातीइतक्या उंचीच्या दगडी गडग्यावर टेकवून उभी राहायची. जमिनीवर ठेवला की उचलून द्यायला दुसरे माणूस लागते. हे मला शाळेत जायच्या आधीपासून माहीत होते, आणि कागदावर लिहिताना आठवले नव्हते.

पुढच्या दोन बाजारांना मी हवालदाराला सांगितले, बायकांना अडवू नका. ओझे येताना दिसले की गाड्यांनाच हात करा. ट्रक लांबूनच हळू व्हायचे, बाई चालत्या पायाने पार व्हायची. रांग निम्म्यावर आली. मी नवा अहवाल लिहिला आणि आधीचा माझा अंदाज चुकला, असेही त्यात स्पष्ट लिहिले.

साहेब वाईट नव्हते. त्यांनी तो दोनदा वाचला.

"ओझे दिसल्यावर म्हणजे किती सेकंद?"

"ते ठरलेले नसते, साहेब."

"मग वर काय पाठवू? तक्त्यात आकडा लागतो. तुमची कायम होण्याची फाईलही याच टपालाने जायची आहे. पहिला अहवाल चांगला होता."

ते धमकावत नव्हते, नुसते दमलेले होते. मीही दमलो होतो. पहिल्या अहवालाची प्रत त्यांनी पुढे केली आणि मी सही केली.

मी कायम झालो. आईने वाडीत घरोघर गूळ वाटला. संध्याकाळी पडवीत बसून तिने विचारले, "काम कसला रे तुझा?"

"माणसांक रस्तो पार करूक किती वेळ लागता, ता मोजतंय."

ती हसली. "त्येका मोजूक कित्याक होया? माथ्यार वझां आसा काय नाय, ता बघूचा."

"होय," मी म्हणालो.

तिठ्यावर माझी नेमणूक आणखी दोन वर्षे होती. बाजाराच्या दिवशी स्टॉपवॉच खिशात ठेवून मी कडेला उभा राहायचो आणि शिट्टी झाली की भारे उचलून द्यायचो. सगळे भारे तेवढ्या वेळात कधीच आटपत नसत. दुपारपर्यंत पाठ आखडायची. मग चहाच्या टपरीवर बसून मी तक्ता भरायचो आणि माणसांच्या रकान्यात पंधरा लिहायचो.