सगळ्यांच्या आधी जेवणारी मावसबहीण

थांबा, हे मला आत्ताच सांगू द्या, न्हाईतर माझ्या पोटात राहायचं न्हाई. काल लग्नाहून आले, केसातल्या पिना पण काढल्या न्हाईत आन् टाईप करायलेय. तर गोष्ट आशी हाय की अख्ख्या बीड जिल्ह्यात माझ्या मावसबहिणीइतके लाड कुणाचेच झाले नसतील, आन् तिच्यावर माझ्याइतकं कुणी जळलं पण नसंल.

ती शिरूर कासारची, कॉलेजसाठी आमच्याकडं वडवणीला राहती. आठवीत तिला शुगर निघाली, गोळ्यांवाली न्हाई, इन्शुलिनवाली. म्हणजे दर जेवणाच्या आधी पोटाला सुई. तिचं इन्शुलिन घरात आलं आन् फ्रिजच्या दारातला कप्पा माझ्या हातातून गेला, तिथं आधी माझी सरबताची बाटली असायची. आता उन्हाळ्यात लाईट गेली की आई पहिल्यांदा तिचा डबा ओल्या फडक्यात गुंडाळून माठाजवळ ठिवती, आन् मी घामानं निथळत उभी असले तर म्हणती, "तू काय गरमीनं खराब होतीस का?" घरात कुणी पण पाव्हणा आला तरी तिला आधी विचारतो, "शुगर किती हाय बाळा?" मला आकडा विचारतात तो फक्त मार्कांचा, आन् तो सांगण्यासारखा नसतो.

आन् अन्नाकडं तिच्यासारखं बघणारं माणूस मी दुसरं बघितलंच न्हाई. आमाला ताटात भाकरी दिसती, तिला हिशोब दिसतो. भाकरी नुसती बोटानं दाबून बघती आन् इन्शुलिनच्या पेनावरचा आकडा फिरवती. एकदा आशीच दाबली आन् आईला म्हणली, "मावशे, काकासंगं भांडलीस का आज? भाकरी लई जाड हाय, एक युनिट जास्तीचं लागंल." आई आधी लाजली, मग हासली, मग चुलीपाशी बसून सगळं भांडण तिला पहिल्यापासून सांगितलं. मी जन्मल्यापासून त्याच भाकरी खायलेय. आईचा राग भाकरीत उतरतो हे मला कदी कळलं न्हाई, आन् हिला दोन महिन्यात कळलं. ह्याच्यावर जळू नको तर काय करू?

उपासाचं तर बोलूच नका. डॉक्टरनं तिला उपास बंद केलेत. एकादशीला आमी सगळे भगर पुढ्यात घेऊन तोंड पाडून बसतो आन् ही आमच्याच म्होरं बसून भाकरी, ठेचा, वरून बुक्कीनं फोडलेला कांदा. मी डोळे वटारले की म्हणती, "मी काय करू बये, मला देवानंच सुट्टी दिली." परीक्षेत तिच्या बाकावर खडीसाखरेची पुडी चालती. मी एकदा चिंगम चघळलं तर सरांनी वर्गाबाहेर उभं केलं.

आता कालचं ऐका. धारूरला आमच्या मामाच्या पोरीचं लग्न होतं. लग्नकार्यात हिचा एक पक्का नियम हाय, ताटात भात पडल्याशिवाय सुई घ्यायची न्हाई. कारण सुई घेऊन जेवण लांबलं की शुगर एकदम खाली उतरती, आन् आपल्याकडं 'पंगत बसली' म्हणजे नुसती माणसं बसली. जेवण कवा येईल ते वाढप्याला पण म्हायती नसतं. पण काल मामा स्वतः आला आन् तिच्या डोक्यावर हात ठिवून म्हणला, "बाळा, पंगत बसली, बादल्या निघाल्यात, घे तू तुजी सुई." मामाच म्हणला म्हणून तिनं घेतली. माझ्या डोक्यावर त्यानं हात ठिवला न्हाई, हे पण लिहून ठिवते.

तेवढ्यात आमदार साहेबांची गाडी आली. लगेच वाढप्यांनी बादल्या खाली ठिवल्या, कारण साहेब बोलायलेत आन् पाव्हणे वरपायलेत, हे बरं दिसत न्हाई. फेटा झाला, शाल झाली, नारळ झाला, मग भाषण सुरू झालं. आमच्या ताटात मीठ आन् लिंबाची फोड. सुई तर पोटात गेलेली, तिला काय साहेब कळतो व्हय? हिची खडीसाखर पर्समधी, पर्स नवरीच्या खोलीत, खोलीला कुलूप, चावी मामीच्या कंबरेला आन् मामी स्टेजवर.

बघता बघता हिच्या कपाळावर घाम आला. तिनं माझा हात धरला. "शुगर उतरायलीय गं," एवढंच म्हणली. मी स्वयंपाकाकडं पळाले, पण वळून बघते तर ही उठून सरळ रुखवताच्या टेबलाकडं गेलेली. तिथं मामीनं साखरेच्या चौकोनी वड्यांचं मंदिर केलतं. महिनाभर कुणाला हात लावू दिला न्हाई, स्वतःच्या पोरीला पण न्हाई. हिनं त्याचा कळस मोडला आन् तोंडात टाकला.

नवरदेवाची आत्या म्हणली, "अगं बया, ही पोरगी रुखवत खायलीय." मामीनं स्टेजवरून बघितलं, सत्काराचं ताट तसंच कुणाच्या तरी हातात दिलं आन् पदर खोचून पळत आली. मला वाटलं, आता हिच्या थोबाडीत बसती. तर मामी लांबूनच वरडली, "भिंती नको खाऊ गं, भिंतीला गोंद लावलाय. पायऱ्या खा, पायऱ्या सुट्ट्या हायत."

आन् मामी खाली बसली, हिला मांडीशी टेकवलं आन् स्वतःच्या हातानं एक एक पायरी मोडून भरवली. साहेब पण माईकवर थांबले. मग मामानं साहेबांपुढं हात जोडले आन् वाढप्यांकडं वळून म्हणला, "आधी वाढा रे, भाषण मग." थोड्या वेळानं हिनं बोट टोचून बघितलं, शुगर वर यायलती. मग वरण-भात खाल्ला. सगळी पंगत तिच्यामुळं जेवली, म्हाताऱ्या बायका जाता-येता तिच्या गालावरून बोटं मोडायलत्या. मी स्वयंपाकातून गुळाचा खडा आणलता, तो तसाच मुठीत चिकटला.

येताना जीपमधी मी शेवटी बोललेच. म्हणलं, "तुजे लई लाड हायत बघ. मला जळायला होतं."

ती खिडकीतून बाहेर बघत होती. म्हणली, "सकाळी मांडवात तू कुणासंगं तरी बोलत बोलत ताटातून जिलेबी उचलली आन् खाल्ली. कोणती उचलली ते बघितलं पण न्हाईस. हासत हासत गिळून टाकली."

"मग?"

"काय न्हाई. मी तेच बघत बसलते. आठवीपासून मी काहीच आसं न बघता खाल्लं न्हाई."

आन् माझ्या खांद्यावर डोकं ठिवून झोपली. वडवणी येईस्तोवर मी खांदा हालवला न्हाई. आज सकाळी चहासंगं बिस्किट खाताना मी ते आधी किती वेळ नुसतं बघत बसले, आन् खाल्लं तरी चव कळली न्हाई. तुमच्या घरात हाय का आसं कुणी, ज्याच्यावर तुमी इतकी वर्षं जळत बसलात, आन् ते गुपचूप तुमच्याकडंच बघत होतं?