मशीनमधली कडबोळी

माझा उजवा हात मनगटात मोडला तो गोठ्यात घसरून, म्हशीपुढं पेंड ठेवताना. त्याचा राग मी म्हशीवर काढला नाही. म्हैस दूध देते, तिला बोलून परवडत नाही. घरातल्या माणसांवर मात्र भरपूर काढला.

प्लास्टर निघालं तेव्हा वाटलं, सुटले एकदाची. पण डॉक्टर म्हणाले, हाताला पीळ द्यायचा नाही, कढई-पातेलं उचलायचं नाही, आणि कणीक तर इतक्यात मळायचीच नाही. त्याऐवजी त्यांनी एक पिवळा मऊ चेंडू दिला आणि बसल्या बसल्या तो दाबत राहायला सांगितलं. मी घरी येऊन तो चेंडू दिवाणाखाली ढकलून दिला. जन्मभर भाकरी थापलेल्या हाताला चेंडू दाबायला सांगणं म्हणजे पाटलाला बिगारीवर लावण्यासारखं होतं, असं मला वाटलं.

आमचं घर कसबा बावड्यात, कारखान्याच्या अंगाला. एका बाजूला अपार्टमेंट उभी राहिली आहेत आणि दुसऱ्या बाजूला अजून ऊस आहे. आम्ही मधले आहोत. गोठ्यात एक म्हैस, दारात ट्रॅक्टर आणि सून बँकेत नोकरीला. सून पुण्याची आहे, बोलायला हळू आणि वागायला ठाम. मुलगा शिफ्टमध्ये अडकलेला, त्यामुळे स्वयंपाकघरात तीच आणि मीच. हात मोडल्यापासून तर तीच. आणि एक गोष्ट मला फार टोचायची. घरात मला कोणी काही बोलायचं बंद झालं होतं. डाव्या हातानं केलेल्या चहात साखर जास्त पडली, तरी सगळे म्हणायचे, छान झालाय. एरवी आमचे मालक मीठ चिमूटभर कमी पडलं तर ताटावरूनच हाक मारतात.

अशात बेंदूर तोंडावर आला. बेंदूर म्हणजे आमच्याकडचा बैलांचा सण. पूर्वी गोठ्यात खरी जोडी होती. ट्रॅक्टर आला आणि ती गेली. तेव्हापासून मालक दर वर्षी कुंभाराकडून मातीची जोडी आणतात, स्वतः शिंगं रंगवतात, लोकरीचे गोंडे बांधतात आणि पाटावर मांडतात. त्या बैलांच्या शिंगांत कडबोळी घालायची असतात. दिवाळीतली भाजणीची कडबोळी वेगळी. ही कणकेची, गुळाच्या पाण्यात घट्ट मळलेली, हातानं वळून त्याचं कडं करून तळलेली. आमच्या घरात पद्धत अशी की, शिंगातलं कडबोळं विकतचं चालत नाही. ते घरच्या बाईच्या हातचंच लागतं. वडगावच्या बाजारात माळाच्या माळा मिळतात, लोक आणतातही, पण आमच्या दारात त्या कधी आल्या नाहीत. लग्न होऊन आल्यापासून ती कडबोळी माझ्या हातची.

एका सकाळी चहा पिता पिता मालक म्हणाले, "यंदा कडबोळी ऱ्हाऊ दे. मातीच्या बैलाला काय कळतंय?"

त्यांनी ते मायेनंच म्हटलं, हे मला समजत होतं. तरी कप तसाच ठेवून मी उठले. बैलाला कळत नसेल, मला कळतं की. आज कडबोळी राहिली, उद्या भाकरी राहील, परवा कोणीतरी चहासुद्धा हातात आणून देईल, आणि मी दिवाणावर बसून चेंडू दाबत राहीन. मला भीती वाटत होती ती याची. मनगटाच्या दुखण्याची नव्हती.

धाकटी जाऊ भिंतीला भिंत लावून राहते. माहेर गडहिंग्लजचं, त्यामुळे ती कडबोळ्याला कोडबळी म्हणते आणि मला अक्का म्हणते. ती येऊन म्हणाली, "अक्का, मी करून देतो की चार. काय जड हाय का मला?"

मी नको म्हटलं. तिची कोडबळी चांगली होतात, हेच त्याचं कारण होतं.

त्याच आठवड्यात सुनेनं डोनटचं मशीन मागवलं. फिकट गुलाबी, सँडविचच्या टोस्टरएवढं. उघडलं की आत सात छोटी कडी कोरलेली. पीठ ओतायचं, झाकण लावायचं, हिरवा दिवा लागला की डोनट तयार. तेल नाही, कढई नाही, मळणं नाही. मी मनात म्हटलं, चेंडूवर भागलं नाही म्हणून म्हातारीला दुसरं खेळणं आणलंय.

"आई, कुठं ठेवू हे?" तिनं विचारलं.

"माळ्यावर," मी म्हणाले.

ती हसली आणि ओट्यावर जागा शोधू लागली. ओट्यावर रिकामी जागा एकच होती, कोपऱ्यात, जिथं माझा पोळपाट भिंतीला टेकून उभा असतो. माझा हात मोडल्यापासून तो तसाच उभा होता. कारण ती तिचा, माहेरून आणलेला पोळपाट वापरते. तिनं माझा पोळपाट उचलून फळीवर ठेवला आणि तिथं मशीन ठेवलं. मी काही बोलले नाही. मी बोलले नाही की घरात सगळे सावध होतात.

रविवारी तिनं डोनट करायला घेतले. मैदा, दही, दूध, साखर, वेलची. मी खुर्चीवर बसून उंटावरून शेळ्या हाकत होते. दही आंबट आहे, गुठळ्या मोड, एवढी वेलची कशाला. ती हो हो म्हणत स्वतःचंच करत होती. पहिला घाणा निघाला. बांगडीच्या आत बसतील एवढे एवढेसे, फुगलेले, बदामी. वास बरा होता, हे मला कबूल करावं लागलं.

मालकांनी एक उचलून उलटासुलटा केला. "आन् ह्याचं मधलं कुणी खाल्लं?"

"बाबा, ते असंच असतं," सून म्हणाली.

त्यांनी तो करंगळीत घातला, हात उंच केला आणि खिडकीच्या उजेडात बघत राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "हे तर कडबोळं हाय की."

मी त्यांच्याकडं बघत होते. ऱ्हाऊ दे म्हणणाऱ्या या माणसाला स्वतःलाच ते राहू द्यायचं नव्हतं. आपली जोडी विकल्यावर जो माणूस मातीच्या बैलांना गोंडे बांधतो, त्याला रिकामी शिंगं कशी बघवतील? त्यानं फक्त माझ्या हाताकडं बघून आपली हौस आवरली होती. मला भरून आलं, आणि भरून आलं की मला राग येतो. मी म्हणाले, "खावा आता. बघत काय बसलाय?"

सोमवारी सून बँकेत गेल्यावर मी पदर खोचला. मैदा बाजूला ठेवला. बैलाला मैदा कुठला? कणीक घेतली, थोडा रवा, गुळाचं पाणी, तूप, बडीशेप आणि चिमूटभर सोडा. डाव्या हातानं पळीनं ढवळलं. मशीन तापवलं, पळीनं कडी भरली आणि झाकण लावलं.

झाकण वर उचललं गेलं. चारी बाजूंनी पीठ ओघळून ओट्यावर आलं. उघडून बघते तर सगळी भोकं बुजलेली. सात गोल, गुबगुबीत गोळे माझ्याकडं बघत होते.

"हे आप्पे झालं," मागून मालक म्हणाले.

"मशीनच वाकडं हाय."

"नाचता येईना, अंगण वाकडं."

दुसरा घाणाही तसाच. तिसरा त्यांनी घातला, दोन पळ्या जास्त ओतून, आणि तो निघेचना, चमच्यानं खरवडावा लागला. मग त्यांना गोठ्यातलं काम आठवलं. बिघडलेलं सगळं म्हशीनं खाल्लं, आणि तिला ते फार आवडलं.

संध्याकाळी सून आली, तिनं ओटा पाहिला आणि तिला सगळं समजलं. "आई, कडं अर्धंच भरायचं. फुगायला जागा ठेवली तर भोक राहतं."

"अर्धं वाढायची सवय न्हाय मला," मी म्हणाले.

हे मी नुसतं तोडून टाकायला म्हटलं नव्हतं, ते खरंच होतं. आमच्याकडं दुधाचं माप भरलं तरी वर आणखी एक धार सोडतात. आमटी वाढताना पळी काठोकाठ. हात आखडला असं कोणी म्हटलं तर तो डाग वर्षानुवर्षं पुसला जात नाही. अर्धं भरायला हात धजेचना. माझंच नव्हे, मालकांचंही तेच झालं होतं. सगळ्या बावड्याचं तेच झालं असतं.

सुनेनं पिठात थोडं दूध घालून ते सैल केलं, आणि वडापावच्या गाड्यावर सॉसला असते तसल्या प्लास्टिकच्या बाटलीत भरलं. ती बाटली तिनं माझ्या उजव्या हातात दिली. डाव्या नाही, उजव्या.

"दाबा," ती म्हणाली.

"दुखतं."

"हळू दाबा. दिवाणाखालच्या चेंडूपेक्षा हे बरं आहे."

म्हणजे तिला चेंडू माहीत होता. रोज झाडताना तिला तो दिसत असणार, आणि रोज ती तो तिथंच राहू देत असणार. मी तिच्याकडं बघितलं. ती मशीनकडं बघत होती.

मी बाटली दाबली. हात थरथरला, पिठाची धार नागमोडी गेली आणि अर्ध्यातच तुटली. पुन्हा दाबली. बाटलीतून पळीसारखं भसकन येत नाही, आपण दाबू तेवढंच येतं. पहिलं कडं वाकडं झालं, दुसरं जरा बरं. शेवटच्या कड्यापर्यंत मनगट ठणकायला लागलं, पण सातही भरली, आणि अर्धीच भरली. झाकण लावून आम्ही दोघी दिव्याकडं बघत उभ्या राहिलो. उघडलं तर सातही भोकं शाबूत.

ती ताटात काढत म्हणाली, "मऊ आहेत. शिंगात तुटतील."

तिच्या तोंडून शिंगाचं नाव आलं तेव्हा मला कळलं, ही पुण्याची असली तरी हिला काय चाललंय ते पहिल्यापासून ठाऊक होतं. मग बेंदरापर्यंत आमचं तेच सुरू झालं. ती बँकेतून आली की मी बाटली भरून बसलेली असायची. दूध कमी केलं, रवा वाढवला, हिरवा दिवा लागल्यावरही झाकण थोडा वेळ तसंच ठेवलं. कडी खरपूस आणि टणक व्हायला लागली. आणि हात, सांगायला हरकत नाही, तोही सुधारला. डॉक्टरांनी विचारलं, चेंडू दाबताय ना? मी हो म्हटलं. सून बाजूला उभी होती, तीही हो म्हणाली.

बेंदराच्या दिवशी नदीचं पाणी बंधाऱ्यावर होतं आणि अंगणात चिखल. मालकांनी पाटावर जोडी मांडली. निळी शिंगं, लाल गोंडे. मी ताटलीत कडबोळी घेऊन गेले. पहिल्या बैलाच्या शिंगात ते अलगद उतरलं. दुसऱ्याचं एक शिंग कुंभाराच्या हातून जाड झालं होतं, तिथं कडबोळं मध्येच अडकलं. मालकांनी ते गोल गोल फिरवत, बायकांनी बांगडी भरावी तसं खाली बसवलं. बसल्यावर हात पुसून ते जरा मागं सरकले आणि कितीतरी वेळ नुसते बघत राहिले.

ओवाळायला मी पितळी ताट उजव्या हातात घेतलं. ताट जड, वर निरांजन. हात हलला. सुनेनं खालून आधार द्यायला हात पुढं केला आणि तसाच मागं घेतला. तो हात मागं गेला याचं मला जे वाटलं, ते तिला कधी सांगितलेलं नाही. इथं लिहून ठेवते.

तेवढ्यात जाऊ आली. हातात झाकलेली ताटली होतीच. मी नको म्हटलं म्हणून ती काही ऐकणारी नव्हे. पाटाकडं बघून ती थबकली. "अक्का, हे मशिनीचं व्हय?"

मी काही बोलायच्या आत मालक म्हणाले, "मशिनीनं नुसतं भाजलंय. हिच्या हातचं हाय ते."

जावेनं माझ्या ताटलीतलं एक उचललं, मोडलं आणि तोंडात टाकलं. सगळे तिच्या तोंडाकडं बघत होते. तिनं नीट चावून खाल्लं.

"गूळ कमी हाय, अक्का," ती म्हणाली.

सून एकदम माझ्याकडं बघू लागली. तिला वाटलं, मला वाईट वाटेल. पण हात मोडल्यापासून मी ज्याची वाट बघत होते ते हेच होतं. आजारी माणसाला सगळे छान झालंय म्हणतात. गूळ कमी आहे असं, जी बाई उद्याही करणार आहे, तिलाच सांगतात.

"बरं," मी म्हणाले. "पुढच्या खेपेला वाढवतो."