मधल्या शांततेचा तास

देवपुजारीबाईंची आणि माझी पहिली भेट म्हणजे माझी फजितीच. आम्ही नागपूरहून बदलीने भोपाळला आलेली माणसं, एम.ए.च्या इतिहासाच्या वर्गात मी नवी. बाई इस्लामच्या उदयाचा काळ शिकवत. पहिल्याच तासाला मी ऐटीत उठले, "मॅडम, असं म्हणतात की..." बाईंनी तिथेच अडवलं. "कोण म्हणतं? तू कोणाकडून ऐकलंस? आणि त्यांनी कोणाकडून?" नावं सापडली की पुन्हा उठ, असं त्या शांतपणे म्हणाल्या आणि मी मुकाट्याने बसले.

ही बाईंची लहर नव्हती. पैगंबरांचं वचन सांगताना ते कोणाकोणाकडून आपल्यापर्यंत आलं ती नावं आधी सांगायची, ही त्या परंपरेची रीत. बाईंनी ती स्वतःलाच लावून घेतली होती. एकच ईश्वर, नमाज, रोजे, जकात म्हणजे नेमाचं दान, हज, मक्केहून मदिनेला झालेलं स्थलांतर, व्यापाऱ्यांच्या तांड्यांबरोबर दूरवर गेलेला धर्म. यातलं काहीही त्यांनी "असं म्हणतात" म्हणून सांगितलं नाही. देवपुजारी आडनावाच्या बाईंनी हे का शिकवावं, म्हणून जवाहर चौकातल्या आपल्या काही मराठी मंडळींनी नाकं मुरडली. बाईंनी त्यांना घरी चहाला बोलावलं आणि त्यांनाही तेच विचारलं, "हे तुम्ही कोणाकडून ऐकलंत?"

मला टायफॉइड झाला तेव्हा त्या महिनाभर हबीबगंजहून रोज येत. उशाशी बसून माझीच टिपणं मला वाचून दाखवत आणि चुका काढत. आईला वाटे, बाई काही मंत्र म्हणताहेत. औषधं डॉक्टरांची होती हे खरं, पण मी बरी झाले ती त्या आवाजाने, असं मी आजही छातीठोकपणे सांगते.

त्यांचा सर्वांत गाजलेला तास हिरा गुहेचा. ईश्वराचा पहिला संदेश ऐकून पैगंबर गुहेतून थरथरत घरी आले. पत्नी खदीजांनी त्यांना पांघरूण घातलं आणि सगळ्यांत आधी त्यांच्यावर विश्वास ठेवला. मग काही काळ संदेश येणंच थांबलं. इथवर आलं की बाई एकदा खोकत, खिडकीकडे बघत आणि म्हणत, "या मधल्या शांततेबद्दल पुढे कधीतरी." ते पुढे कधी आलंच नाही. बाई निवृत्त झाल्या.

गेल्या वर्षी पक्षाघाताने बाईंची वाचा गेली. अमृतमहोत्सवानिमित्त त्यांची व्याख्यानं छापायचं आम्ही विद्यार्थ्यांनी ठरवलं. पण बाईंनी कधी काही लिहून ठेवलंच नव्हतं. म्हणून जुन्या विद्यार्थ्यांना एकेक करून विभागात बोलावलं आणि आठवेल ते बोलायला लावलं. गुहेच्या तासाशी आल्यावर पहिला जण खोकला, त्याने खिडकीकडे बघितलं. आम्ही हसलो. दुसरी तिथेच खोकली. पाचव्याच्या वेळी कोणी हसलं नाही. एकमेकांना न ओळखणारी, वेगवेगळ्या सालातली माणसं, आणि आपण खोकलो हे एकालाही ठाऊक नव्हतं.

टिपणं टाइप करणारी सायमा त्या दिवशी टाइप करता करता उठून उभी राहिली. बाई निवृत्त झाल्यावर काही वर्षांनी त्यांच्या जागी ती लागली. तिने बाईंना कधी पाहिलंही नव्हतं. "दीदी, वो भी यहीं खाँसी थीं," ती म्हणाली. मागच्या श्रावणात, भरदुपारी, ती रिकाम्या वर्गात पेपर तपासत बसली होती. मागून एका बाईंचा आवाज आला. शांततेबद्दल बोलत होत्या. कोणी पाहुण्या व्याख्यात्या असतील म्हणून तिने ऐकलं ते उतरवून घेतलं. वळून बघते तर बाकं रिकामी, खिडकी उघडी.

मागच्या श्रावणात बाईंची वाचा जाऊन दोन महिने झाले होते!

तिचा कागद मी दोनदा वाचला. वाक्यं बाईंचीच होती. पण पुस्तकात घालायचा तरी कसा? खोटा निघाला तर बाईंच्याच पुस्तकात बाईंचा जन्मभराचा नियम मोडणार. खरा असेल आणि वगळला, तर त्यांचा राहिलेला तास कायमचा गेला. सांगू शकणारं माणूस एकच, आणि ते बोलत नव्हतं.

चार इमलीला मुलाच्या बंगल्यावर बाई आरामखुर्चीत बसल्या होत्या. मी कागद वाचायला घेतला. "आवाज थांबला म्हणजे सांगणारा गेला, असं धरू नका. ऐकणाऱ्याने तेवढा वेळ जागा सोडू नये." बाई खोकल्या. मान हळूहळू खिडकीकडे वळली.

"बाई, हे तुमचंच ना?" मी विचारलं.

मग अकरा महिन्यांत पहिल्यांदा, एकेक अक्षर जुळवत, त्या म्हणाल्या, "कोणाकडून... ऐकलंस?"

"सायमाकडून. आणि तिने... तुमच्याकडून."

बाईंनी डोळे मिटले. "मी... अजून कुणाला... सांगितलं नव्हतं." थोड्या वेळाने म्हणाल्या, "छाप."

तो परिच्छेद पुस्तकात आहे. वर सायमाचं नाव आहे आणि त्यावर बाईंचं. यापेक्षा जास्त मला काही सांगता येत नाही, आणि खरं सांगायचं तर विचारायची हिंमतही नाही.

बाई, तुम्हाला उदंड आयुष्य आणि धडधाकट प्रकृती लाभो. वाचा रोज थोडी थोडी परतते आहे, असं डॉक्टर सांगतात. पुढचा तास मात्र आमच्या समोर उभं राहून घ्या. आम्ही कोणीही जागा सोडलेली नाही.