लाल मार्करची माता

चहा आधी संपवून घ्या, कारण ही फजिती ऐकताना घोट घेतलात तर नाकातून बाहेर येईल. आणि चूक कुणाची हे मला विचारू नका. मी बी.एड. झालेली मुलगी. चूक माझी असूच शकत नाही, असं मी त्या दिवशी संध्याकाळपर्यंत ठामपणे मानत होते.

मे महिना होता. कळमनुरीचं मे महिन्यातलं ऊन तुम्ही पाहिलं नसेल तर सुखी आहात. माझा चुलतभाऊ आणि वहिनी पुसेगावला लग्नाला गेले आणि जाताना शौर्य, ओवी आणि धाकटी चिऊ अशी तिन्ही लेकरं माझ्या गळ्यात टाकून गेले. घरात माझी आई, मोठे काका आणि मोठीमाय. मोठीमाय म्हणजे माझी थोरली चुलती, या लेकरांची आजी.

मोठ्यांचा हुकूम असा की लेकरं उन्हात बाहेर सोडायची नाहीत. त्याला जोडून दुसरा हुकूम, काकांची दुपारची झोप मोडायची नाही. आता तीन पोरं घरात कोंडून आवाज कसा होऊ द्यायचा नाही? ते हुकूम देणारे कधी सांगत नसतात.

मोठीमायकडे मात्र उपाय तयार होता. "दे की मोबाइल हातात. गप पडून राहतेत."

"मोठीमाय, मोबाइलनं लेकरांच्या मेंदूवर परिणाम होतो."

"तू दिवसभर बघून राहिली. तुझ्यावर झाला का?"

"मी मोठी आहे."

"मग झालाच असंल," असं म्हणून ती पदर तोंडावर घेऊन झोपली.

मला भांडायला वेळ नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी हिंगोलीच्या एका शाळेत माझी मुलाखत होती. नुसते प्रश्न नाहीत, तर पहिलीच्या वर्गासमोर पाठ घेऊन दाखवायचा होता. कॉलेज संपल्यापासून मी या एका संधीची वाट बघत होते. ती हुकली तर पुढचं सगळं घरच्यांनी ठरवूनच ठेवलं होतं: वसमतचा एक हळदीचा व्यापारी, त्याचा मुलगा, आणि त्या मुलाचा काकांच्या खिशात बसून बसून मऊ झालेला फोटो.

मी विचार केला, तीन लेकरं आयतीच मिळाली आहेत, उद्याची तालीम करून घेऊ. इंटरनेटवर 'मुलांना घरात रमवण्याचे खेळ' शोधले. ते खेळ लिहिणाऱ्यांनी आयुष्यात लेकरू पाहिलं नसावं.

पहिला खेळ मौनाचा. जो आधी बोलेल तो हरला.

"आत्या, मी अजून बोलले न्हाई," ओवीनं लगेच सांगितलं.

"पण ही बोलली," शौर्य म्हणाला.

"तू बी बोलला."

दुसरा खेळ कागदाच्या होड्या. होड्या छान झाल्या. माझ्या गुणपत्रिकांच्या झेरॉक्स प्रतींच्या होत्या, हे मला तिसरी होडी उलगडल्यावर कळलं. तिसरा खेळ डोळे बांधून वास ओळखायचा. चिऊनं डबा स्वतःच निवडला आणि तिखट अचूक ओळखलं. नाकानं. तिच्या रडण्यानं आतून काकांचा आवाज आला, "काय तमाशा लावलाय गं?"

आणि मग मला सुचलं. इंटरनेटचं नाही, माझं स्वतःचं.

"आपण बिबटे व्हायचं," मी कुजबुजले. "बिबट्या आवाज करत नाही. पोटावर सरकत सरकत जातो. ज्याचा आवाज झाला त्याला शिकार मिळत नाही."

शिकार म्हणजे बिस्किटं. लेकरांचे डोळे चमकले. पण शौर्यचा मुद्दा बराबर होता. "आत्या, बिबट्याला ठिपके असतेत."

उद्याच्या तक्त्यासाठी मी दोन मार्कर आणले होते. काळ्याचं टोपण कुणीतरी उघडं टाकल्यामुळे तो वाळला होता. मग लाल घेतला. उकाड्यानं लेकरं चड्डीवरच होती, त्यामुळे जागा भरपूर मिळाली. गाल, कपाळ, पाठ, पोट, दंड, पिंढऱ्या. तिन्ही लेकरांवर इतके सुबक ठिपके काढले की कलाशिक्षकानं पाठ थोपटली असती. मार्करवर बारीक अक्षरात काय लिहिलं आहे ते वाचायची गरज मला वाटली नाही.

खेळ असा रंगला की विचारू नका. तीन बिबटे घरभर सरपटत होते आणि भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. मग दमून तिघंही पंख्याखाली फरशीवर आडवे झाले आणि झोपले. मी स्वतःवर इतकी खूश झाले की उद्याची नोकरी मिळालीच असं धरून चालले. ऊन जरा उतरल्यावर गुणपत्रिकांच्या नव्या प्रती काढायला बाहेर पडले. दुकानात लाइट नव्हती. ती येईपर्यंत बसून राहिले.

परत आले तर दाराला कडुलिंबाचे डहाळे.

उंबऱ्याशी पाण्याची घागर. येणारी प्रत्येक बाई आधी पाय धुऊन आत येत होती. ओसरीवर अर्धी गल्ली जमलेली. मध्ये लिंबाच्या पाल्यावर माझे तीन बिबटे निजलेले, आणि मोठीमाय पाल्यानं वारा घालत होती.

"काय झालं?" मी विचारलं.

"हळू बोल. माता आली," मोठीमाय म्हणाली. "तिघांवर एकदम आली."

माता म्हणजे कांजण्या. आमच्याकडे त्यांना आजार म्हणत नाहीत. देवी पाहुणी आली असं मानतात, आणि पाहुणी जाईपर्यंत घरात तिचंच राज्य. फोडणी द्यायची नाही, तळायचं नाही, लेकरांना आंघोळ नाही, आणि घरातल्या कुणी गाव सोडायचं नाही.

इथे मी खरं सांगून टाकायला हवं होतं. पण माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. मला हसू आलं. म्हटलं, घालू दे थोडा वारा. आणखी बाया जमू देत. मग सगळ्यांसमोर सत्य उघड करते आणि अंधश्रद्धेवर चार शब्द बोलते. भाषण माझ्याकडे तयार होतं, कॉलेजात त्याला बक्षीस मिळालं होतं.

बाया पुरेशा जमल्यावर मी घसा साफ केला. "ही माता नाही. हे ठिपके मी काढलेत. मार्करनं."

मोठीमाय वारा घालतच राहिली. मग शेजारच्या शेवंताकाकू आईला म्हणाल्या, "पोरीच्या मनाला लागलं बिचारीच्या."

"विचारा लेकरांना," मी म्हटलं. "शौर्य, सांग, ठिपके कुणी काढले?"

शौर्यच्या एका हातात नारळपाण्याचा पेला होता, दुसऱ्या हातात खडीसाखर. त्यानं एकदा पेल्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "आपोआप आले," तो म्हणाला.

"ओवी?"

"झोपेत आले," ओवी म्हणाली आणि अंगात ताप असल्यासारखे डोळे मिटून घेतले.

मी अंगठ्याला थुंकी लावून शौर्यचा गाल चोळायला गेले. मोठीमायनं माझ्या हातावर अशी चापट मारली की बांगडी वाजली.

"मातेला थुंका लावती? शाळा शिकून हेच शिकली का?"

"मग पाणी आणा, साबण आणा, आत्ता दाखवते."

"पाणी न्हाई लावायचं अंगाला."

बघा तुम्ही. ज्यानं खरं-खोटं कळेल, नेमकी त्याचीच मनाई. आई मला बाजूला घेऊन दबक्या आवाजात म्हणाली, "तूच काढले असशील, मला म्हाईत हाय. पण तुझ्या मोठीमायनं नवस बोललाय सगळ्यांसमोर. आता काहून तोंड उघडती?"

म्हणजे खरं माहीत असून गप्प बसायचं. माझं डोकंच फिरलं. ताडताड आतल्या खोलीत गेले, आरशासमोर उभी राहिले आणि त्याच मार्करनं स्वतःच्या तोंडावर ठिपके काढले. कपाळ, गाल, नाक. हनुवटीवर येईपर्यंत शाई संपत आली, तरी जोर लावून दोन काढलेच. आणि ओसरीवर येऊन म्हटलं, "घ्या. मलाबी आली माता. एका मिनिटात."

मला वाटलं, आता तरी यांना कळेल.

सगळ्या बाया उठून उभ्या राहिल्या. हात जोडून.

"उलटं बोलली ना मघाशी," शेवंताकाकू म्हणाल्या. "लगेच दाखवलं मातेनं."

"अहो, मार्कर आहे हा. हे बघा." मी हातावर मार्कर ओढला. काही उमटलं नाही. परत ओढला. कोरडा ठणठणीत. सगळी शाई माझ्या तोंडावर होती.

मी न्हाणीघरात पळाले. साबण लावला, घासणी घेतली. ठिपके जसेच्या तसे आणि मधली कातडी मात्र लाल होऊन सुजली. आता तर डॉक्टरनंही फसावं असं तोंड झालं. मार्करवरची बारीक अक्षरं मी तेव्हा वाचली. 'कायमस्वरूपी' एवढा एक शब्द पुरेसा होता.

बाहेर आले तर काका माझा फोन कानाला लावून ओरडून बोलत होते. "व्हय मॅडम. पोरीला माता आली. येणं व्हत न्हाई. न्हाई, न्हाई, तकलीफ घेऊ नका." फोन ठेवून ते मला म्हणाले, "उद्या येऊन राहिली का म्हणून शाळेतून विचारत व्हते. मी सांगून टाकलं."

आणि काका, एवढा वेळ खाटेवरून न उठलेले काका, खिसा चाचपून म्हणाले, "बरी झाली की वसमतला जाऊन येऊ आपण."

मी फोन हिसकावून घेतला आणि आतल्या खोलीत गेले. मी नंबर लावणार तेवढ्यात तोच वाजला. शाळेच्या मुख्याध्यापिका.

"पूनम मॅडम, तुमचे काका म्हणाले कांजण्या झाल्यात. खरं आहे का? नसेल तर उद्या दहाला या, सगळी समिती असेल. आणि खरंच असेल तर काही हरकत नाही, बऱ्या झालात की तारीख देते. मात्र काय ते आत्ताच सांगा."

समोर आरसा होता. त्यात मी. मी खरं बोलायला तोंड उघडलं आणि ते वाक्य मनात एकदा म्हणून पाहिलं: मॅडम, मी तीन लेकरांना न जाणाऱ्या शाईनं रंगवलं, मग घरच्यांना पटावं म्हणून स्वतःलाही रंगवलं, आणि उद्या याच तोंडानं तुमच्या पहिलीच्या वर्गासमोर उभी राहते.

दारात सगळी गल्ली श्वास धरून ऐकत होती.

"हो मॅडम," मी जमेल तितक्या क्षीण आवाजात म्हटलं. "कांजण्याच आहेत."

"अरेरे. खूप आल्यात का?"

"तोंडावर जास्त."

"आराम करा. पंधरवड्यानं बोलावते."

फोन ठेवला. मोठीमाय बायांकडे वळली. "ऐकलं का? शिकलेल्या पोरीनं सोताच्या तोंडानं कबूल केलं."

मला खाटेवर निजवलं. उशाशी लिंबाचा पाला ठेवला. आई पदरात तोंड खुपसून हसत होती, आणि बायांना वाटलं ती रडते आहे. एकेक बाई पुढे येऊन पाया पडू लागली. मी आता नाही म्हणूच शकत नव्हते. नाही म्हटलं तर उद्या दहाला हिंगोली, याच तोंडानं.

शेवटी शेवंताकाकू आल्या. माझ्या पायांवर डोकं ठेवून म्हणाल्या, "माय, माझं पोरगं शिकून घरी बसलंय. त्याला कुठंतरी नोकरी लागू दे."

बी.एड., प्रथम श्रेणी, बेरोजगार, अशी मी खाटेवरून हात उचलला आणि म्हटलं, "लागंल."